साठ्याला लावलेलं कुलूप

गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता टाचणीने सगळ्या ऑफिसच्या कामाला कुलूप घातलं, किल्ली आत ठेवली आणि स्वतः बाहेर राहिली. खरंखुरं कुलूप असतं तर कुणीतरी हातोडा आणला असता. हे कॉम्प्युटरमधलं होतं, तिथे हातोड्याचा काही उपयोग नाही.

टाचणी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. अंगाने बारीक आणि बोलणं टोचणारं, म्हणून नोकरीला लागल्यावर महिनाभरातच ते चिकटलं. बारा वर्षांत तिच्या इतकं अंगवळणी पडलं की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती आधी इकडेतिकडे बघायची. कारखाना छोटा होता, आजारी माणसांसाठी लागणारं सामान बनवणारा: डोक्याची बाजू वर करता येणारे पलंग, चाकाच्या खुर्च्या, वॉकर. खाली वर्कशॉप, वर डिझाइनचा हॉल. हॉलमध्ये आठ टेबलं, आठ मोठे स्क्रीन आणि एकच पंखा, ज्याच्या रेग्युलेटरवरून महिन्यातून एकदा तरी वाजायचं.

या आठही जणांचा जीव ज्याच्यात अडकलेला असे त्याला सगळे 'साठा' म्हणत. साठा म्हणजे सर्व्हरवरचं एक सामायिक फोल्डर. बोल्ट, नट, बिजागऱ्या, स्प्रिंगा, चाकं, मुठी असे सहा हजारांवर सुटे भाग त्यात तयार काढून ठेवलेले. नवा पलंग काढायचा तर बोल्ट कुणी पुन्हा काढत बसत नाही, साठ्यातून उचलतो आणि बसवतो. सोय मोठी, पण गोमही तिथेच होती. साठ्यातला मूळ भाग कुणी चुकून बदलून सेव्ह केला, की तो जिथे जिथे वापरलाय तिथे तिथे बदलतो, पाच वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगमध्येसुद्धा. एकाने केलेली चूक आठ जणांच्या ताटात पडायची.

हा साठा मास्तरांनी उभा केला आणि चौदा वर्षं सांभाळला. मास्तर कुठल्या शाळेत नव्हते. लाकडी बोर्डावर पेन्सिलीने ड्रॉइंग काढायच्या काळापासूनचे ड्राफ्ट्समन. हॉलमधल्या प्रत्येकाला त्यांनीच काम शिकवलेलं, म्हणून मास्तर. त्या चौदा वर्षांत साठ्याची एक तक्रार कुणाला आठवत नव्हती. सात आठवड्यांपूर्वी मास्तर निवृत्त झाले, साठा टाचणीकडे आला, आणि सात आठवड्यांत तो पाचदा काम अडेपर्यंत बिघडला. दर खेपेला कुणीतरी सहज म्हणायचं, "मास्तर असताना असं कधी झालं नाही हं." म्हणणाऱ्याच्या मनात काही नसायचं. टाचणीच्या मनात मात्र ते दिवसभर सलत राहायचं.

सलण्याला कारणही होतं. मास्तर जायच्या आधी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "मास्तरांनी मला लिहून दिलंय, साठा तुझ्याकडे देऊ नये म्हणून. तरीही मी देतोय. माझा विश्वास आहे." साहेबांना वाटलं, आपण तिला प्रोत्साहन दिलं. ती मात्र आतल्या आत पेटली. ज्याच्या हाताखाली बारा वर्षं काढली, त्याने जाताना पाठीत असं लिहून ठेवावं? मास्तरांच्या निरोपाच्या चहाला ती गेली नाही. डोकं दुखतंय असं सांगून घरी गेली, आणि घरी जाऊन खरंच डोकं दुखलं.

आता गुरुवारचं. बुधवारी तिने साठ्याला साधा बंदोबस्त करून पाहिला होता: सगळ्यांनी फक्त वाचायचं, लिहायचं कुणी नाही. तासाभरात हॉलमध्ये बोंबाबोंब झाली. कारण डिझाइनचं सॉफ्टवेअर मोठं आगाऊ होतं. तुम्ही मागितलेल्या लांबीचा बोल्ट साठ्यात नसेल तर ते आपणहून बनवायचं आणि आपणहून साठ्यात ठेवायचं. लिहायची बंदी म्हटल्यावर त्याचं अडलं, आणि त्याचं अडलं की सगळ्यांचं. "टाचणी, बोल्ट बसत नाहीये!" "टाचणी, माझं सगळं लाल झालंय!" तिने बंदी उठवली. आणि त्याच संध्याकाळी बोक्याने चाक बिघडवलं.

बोका म्हणजे खुर्च्यांची डिझाइनं करणारा. चहाचा वास आला की कुठल्याही टेबलापाशी उगवायचा. माणूस सोन्यासारखा, फक्त सेव्हचं बटण दाबण्यापूर्वी तो कधी वाचत नसे. त्याला एका खुर्चीचं चाक मोठं हवं होतं. त्याने साठ्यातलंच चाक मोठं केलं आणि घरी गेला. गुरुवारी सकाळी टाचणीने चौकटीचं ड्रॉइंग उघडलं, तर चारही चाकं फुगलेली आणि चौकट जमिनीपासून चार बोटं वर.

ही चौकट साधी नव्हती. आपल्या पायांवर उभं न राहता येणाऱ्या मुलांना पट्ट्यांनी धरून सरळ उभं करणारी, अशा बारा चौकटी मुलांच्या एका व्यायाम केंद्राला जायच्या होत्या. पत्रे कापणाऱ्याने दुपारी दोनची वेळ दिली होती. दोन वाजेपर्यंत ड्रॉइंग पोचलं नाही तर पुढची वेळ नऊ दिवसांनी. आणि केंद्रातल्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, सोमवारी मुलांचे आईवडील येणार आहेत, बऱ्याच जणांनी आपलं मूल उभं असलेलं अजून पाहिलेलंच नाही. ते ऐकल्यापासून टाचणीने ती चौकट घरचं कार्य असल्यासारखी अंगावर घेतली होती.

चाक तिने पाच मिनिटांत सरळ केलं. पण राग सरळ होईना. पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून तिने साठ्याच्या परवानग्यांची खिडकी उघडली. यादीत एकच ओळ होती: 'सगळे'. तिच्यापुढे चौकोनांच्या दोन रांगा, एक परवानगीची, एक मनाईची. टाचणीने मनाईच्या रांगेतल्या सगळ्यात वरच्या चौकोनात खूण केली. खालच्या चौकोनांत खुणा आपोआप पडत गेल्या. मग तिने खाली स्वतःचं नाव घातलं, त्याला सगळ्या परवानग्या दिल्या आणि ठणकावून 'ठीक' दाबलं. आता ज्याला जे हवं त्याने माझ्याकडे मागावं, असा हिशोब.

हॉलमधले आठही स्क्रीन एकामागून एक रुसले. त्यात तिचाही होता. 'हे फोल्डर उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही.' तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. परवानग्यांची खिडकी उघडायला गेली, तर ती बघायचीसुद्धा परवानगी नव्हती.

"टाचणी," बोका हळूच म्हणाला, "मी काही केलं का?"

"तू गप बस."

सर्व्हरची मुख्य किल्ली होती नेटवर्कवाल्याकडे. तो बाहेरचा माणूस, आठवड्यातून एकदा येणारा, आणि या आठवड्यात दुसऱ्या गावी कुणाच्या तरी इमारतीत वायरी ओढत होता. पाचव्या फोनला त्याने उचलला. मागे ड्रिल घरघरत होतं.

"ताई, तुम्ही सगळ्यांना मनाई केलीत?"

"हो. आणि मला परवानगी दिली."

"बरं. मग तुम्ही सगळ्यांमध्ये येता की नाही?"

ड्रिलच बोलत राहिलं.

"मनाई आणि परवानगी दोन्ही असली की मनाई जिंकते, ताई. तुमचं नाव दहा वेळा लिहिलं असतंत तरी काही झालं नसतं."

"ते कळलं. आता काढायचं कसं?"

"मी शनिवारी येतो."

"मला दोनच्या आत हवंय!"

"मुख्य पासवर्ड मी फोनवर सांगत नसतो. साहेबांनीच घातलेला नियम आहे. पण थांबा. फोल्डर ज्याने बनवलं तो त्याचा मालक. मालकाला कितीही मनाई करा, मनाई काढायचा हक्क त्याच्याकडे राहतोच. कुणी बनवलं होतं ते?"

तिला उत्तर ठाऊक होतं. तरी ते तोंडातून काढायला वेळ लागला. "मास्तरांनी."

"मग झालं की! त्यांचं लॉगिन मी अजून बंद केलेलं नाही, मला कुणी सांगितलंच नाही. पासवर्ड त्यांच्या डोक्यात असेल. घेऊन या त्यांना."

घेऊन या, म्हणे. ज्याच्या निरोपाला आपण गेलो नाही, त्याच्या दारात जाऊन म्हणायचं की मास्तर, तुमचा साठा मी सात आठवड्यांत कुलूपबंद केला. फोनवर सांगावं असंही तिला एकदा वाटलं. पण काही गोष्टी फोनवर सांगितल्या तर आपणच आपल्या मनातून उतरतो. तिने पर्स उचलली आणि जिना उतरली. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मास्तरांचं घर चालत वीस मिनिटांवर, दोन गल्ल्या आणि एक पूल ओलांडून, तिसऱ्या मजल्यावर. वाटेत तिने मनातल्या मनात चार प्रकारची वाक्यं जुळवली, दोन माफीची आणि दोन भांडणाची. दार काकूंनी उघडलं.

"अगंबाई, तू! ये ये. तब्येत कशी आहे? तुझं डोकं फार दुखत होतं ना त्या दिवशी? हे सारखे विचारत होते, बघून येऊ का म्हणून."

टाचणीला दारातच शरमल्यासारखं झालं. आत मास्तर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून टेबलफॅन उघडून बसले होते. जाळी एकीकडे, पाती एकीकडे, आणि स्क्रू एका वाटीत लांबीप्रमाणे लावलेले. तिने जुळवलेल्या चारही वाक्यांचा पत्ता नव्हता. जे घडलं ते तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं: चाक, चौकट, मनाई, दोनची वेळ.

मास्तरांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे स्वतःलाच बाहेर काढलंस?"

"हो."

ते हसायला लागले. टोमण्याचं हसू नव्हतं ते. एखादी गंमत बऱ्याच दिवसांनी ऐकायला मिळाल्यासारखं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "काकूला सांग, वाटीला हात लावू नकोस म्हणावं. चल."

"मला ऐकू येतंय," काकू आतून म्हणाल्या.

मास्तर हॉलमध्ये शिरले तेव्हा सातही जण उठून उभे राहिले. बोक्याने खुर्ची पुसून दिली. मास्तरांनी चष्मा लावला, दोन बोटांनी पासवर्ड टाइप केला, आणि साठ्याच्या परवानग्यांची खिडकी निमूट उघडली. मनाईच्या रांगेतली वरची खूण त्यांनी काढली. खालच्या खुणा आपोआप निघाल्या. आठही स्क्रीन पूर्ववत झाले. एवढंच होतं. टाचणीला रडू येईल असं वाटलं, पण दोन वाजायचे होते, म्हणून तिने ते पुढे ढकललं.

तिने चौकट उघडली, चारही चाकं तपासली, प्रत्येक बोल्ट मोजला. एक वाजून चाळीस मिनिटांनी ड्रॉइंग गेलं, आणि पाच मिनिटांनी पत्रे कापणाऱ्याचा निरोप आला: 'मिळालं, लावतोय.' हॉलमध्ये टाळ्या पडल्या. बोक्याने चहा मागवला, आणि या वेळी सगळ्यांना पाजला.

साहेब केबिनमधून बाहेर आले. "मास्तर, तुम्ही तेव्हा लिहून दिलं होतंत ते बरोबरच होतं म्हणायचं. साठा हिच्याकडे..."

"तुम्ही चिठ्ठी पूर्ण वाचली होतीत का, साहेब?"

साहेब थबकले. "पहिली ओळ वाचली होती."

"दोन पानं होती," मास्तर म्हणाले. "पहिली ओळ, साठा हिच्याकडे देऊ नये. दुसरी ओळ, द्यायचाच तर दिवसाच्या कामातून अर्धा तास मोकळा करून द्यावा, कारण हे काम ऑफिस सुटल्यावर करावं लागतं आणि हिची मुलगी घरी वाट बघत असते. पुढे कसं करायचं ते सगळं लिहिलं होतं."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि चिठ्ठी शोधायला केबिनमध्ये गेले. टाचणी मान खाली घालून चहाच्या कपाकडे बघत राहिली. सात आठवडे ती या माणसाशी मनातल्या मनात भांडत होती, आणि हा तिच्या मुलीच्या संध्याकाळची काळजी करत होता.

"मास्तर," ती थोड्या वेळाने म्हणाली, "ऑफिस सुटल्यावर काय करावं लागतं?"

"राखण." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हे परवानगीबिरवानगीचं मला कधी कळलं नाही बघ. कुलूप लावायची अक्कल नव्हती, म्हणून मी पहारा दिला. सकाळी आल्यावर साठ्याची एक नक्कल माझ्या कॉम्प्युटरवर घ्यायचो. सगळे गेले की फोल्डर तारखेने लावायचं. आज कुणी ज्याला हात लावला तो भाग वर येतो. बघायचं, चुकून बदललेला असेल तर सकाळचा परत ठेवायचा. अर्धा तास लागतो."

"रोज?"

"चुका रोज होतात."

चौदा वर्षं. साठा चौदा वर्षं बिघडला नव्हता असं नाही. तो रोज बिघडत होता आणि दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत धडधाकट होत होता. हॉलमध्ये कुणालाच याची गंधवार्ता नव्हती.

"पण तुझं बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "कुलूपच हवं. कुणाची संध्याकाळ जाता कामा नये. त्या नेटवर्कवाल्याला विचार, सॉफ्टवेअरला नवे बोल्ट ठेवायला वेगळी जागा देता येते का म्हणून. मूळ साठा नुसता वाचायला ठेवा. मी हे चौदा वर्षांत केलं नाही, तू सात आठवड्यांत तिथवर आलीस." आणि मग, जणू काही किरकोळ राहिलं होतं म्हणून, त्यांनी साठ्यातलं 'भंगार' नावाचं फोल्डर उघडलं. या नावाच्या फोल्डरमध्ये कोण कशाला जाईल? आत एकच फाइल होती. "यात मी टिपून ठेवायचो. तुला उपयोगी पडेल. कुठला भाग जास्त बिघडतो ते कळतं."

तारीख, भाग, काय झालं होतं, किती वेळ लागला. ओळीमागून ओळ, हजारो. टाचणी वाचत वाचत मागे जात राहिली. बिजागरीची जाडी बदलली, परत ठेवली. स्प्रिंग पुसली गेली, परत ठेवली.

"यात नावं नाहीत, मास्तर. कुणी केलं ते?"

"नाव लिहिलं असतं तर सकाळी त्या माणसाला बघून तेच आठवलं असतं. मग त्याच्यासोबत चहा कसा प्यायचा?"

ती आणखी मागे गेली आणि एका जागी तिचं बोट थांबलं. एकाच तारखेच्या अकरा ओळी. पलंगाच्या मुठी, पलंगाच्या पट्ट्या, पलंगाच्या बिजागऱ्या, पायाकडची बाजू दुमडणाऱ्या स्प्रिंगांचं सबंध फोल्डर पुसलेलं. शेवटी वेळ लिहिली होती: दोन तास दहा मिनिटं. त्या वर्षी पलंगांचं काम हॉलमध्ये एकटी तीच करत होती. आणि ती तारीख टाचणी जन्मात विसरली नसती. मुलगी पाच महिन्यांची असताना ती त्या दिवशी कामावर परत आली होती.

"मास्तर, ही तारीख..."

"कुठली? मला नाही दिसत, चष्मा घरी राहिला," मास्तर म्हणाले. चष्मा नाकावर होता.

टाचणीला हसू आलं आणि मघाचं पुढे ढकललेलं रडूही आलं, दोन्ही एकदम. तिने पदराने डोळे पुसले आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"मास्तर, त्या दिवशी माझ्या पर्समध्ये राजीनामा होता. लिहून, सही करून आणला होता. रात्रीची झोप नाही, डोकं चालत नाही, आपल्याला आता हे काम जमायचं नाही असं वाटत होतं. ठरवलं होतं, एक दिवस करून बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आल्यावर कालचं काम तपासायचं. चुका निघाल्या तर सरळ साहेबांकडे जायचं. सकाळी येऊन मी सगळं उघडून पाहिलं. एक चूक नव्हती. एकसुद्धा नाही. मी तो कागद फाडून टाकला."

मास्तरांनी चष्मा काढला.

"मला हे माहीत नव्हतं गं," ते म्हणाले.

"म्हणून तर सांगतेय," टाचणी म्हणाली. "त्या दिवसानंतरची सात वर्षांची ही नोकरी तुम्ही मला दिलीत. निरोपाच्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं, मास्तर. मी तुमच्यावर रागावून आले नाही. तेव्हा म्हणायचं राहिलं ते आता म्हणते. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

मास्तर चष्मा शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. स्वच्छ होता, तरी पुसत राहिले.